तिखटाची परीक्षा

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ अशी म्हण गुजरातेत रूढ आहे. उंधियू, लोचो, घारी आणि हिवाळ्यातील पोंक यांच्या या नगरीत झटपट खाद्यगृहांचे तिखट कोंबडीचे सँडविचही आता रुळले आहे. अमेरिकेत ज्याला सँडविच म्हणतात, त्यालाच आपल्याकडे बहुधा बर्गर म्हणतात. सुरतेच्या लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर पोसलेल्या जिभेने या नव्या पदार्थाची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहता गमतीचा वाटेल. परंतु तो तितकासा पोरकट नाही.

आयुर्वेदाने षड्रसांत तिखटाला स्थान दिले असले, तरी आधुनिक शरीरशास्त्र त्यास चव मानीत नाही. ती एक प्रकारची वेदना होय. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरील उष्णतेची वार्ता देणाऱ्या मज्जातंतूंना चेतविते. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढील उष्णतेने जे ग्राहक जागे होतात, तेच कॅप्सेसिननेही जागे होतात. म्हणून तोंड भाजल्यासारखे वाटते. १९९७ साली डेव्हिड ज्यूलियस यांनी या ग्राहकाचा शोध लावला आणि २०२१ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. मौज अशी की, पक्ष्यांना ही आग जाणवत नाही. ज्या कोंबडीला तिखट माखले जाते, तिला जिवंतपणी मिरचीचा दाणा निर्धास्त टिपता आला असता!

या सँडविचमधील तिखट मुख्यतः बाहेरच्या आवरणात असते. मुरवताना मीठ मांसात शिरते व त्यातील ओलावा धरून ठेवते. मिरची मात्र बव्हंशी पृष्ठभागावरच राहते. पिठाचे आवरण कढत तेलात कडक होते. कॅप्सेसिन पाण्यात नव्हे, तर स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणूनच पावात भरलेले मेयोनेझ तिखटाची धार बोथट करते. पहिल्या घासाला कुरकुरीतपणा व खारटपणा पुढे येतात आणि आग मागाहून चढते. म्हणून पहिल्याच घासावर निकाल देणे उतावळेपणाचे होय. आग विझविण्यास थंड पाणी क्षणभरच उपयोगी पडते; दूध, दही अथवा ताक अधिक गुणकारी ठरते. शिवाय, तिखट नित्य खाणाऱ्याची संवेदना बोथट होत जाते. म्हणून एकाच मेजावर खानदेशी आजोबांना जे फिके वाटेल, ते दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत पाणी आणील. आणि दोघेही खरेच सांगत असतील.

परका पदार्थ सुरतेला नवा नाही. तापीपलीकडील रांदेरच्या व्यापाऱ्यांचा ब्रह्मदेशाशी जुना संबंध होता. त्या वाटेने नारळाच्या रसातील शेवयांचा ‘खावसा’ येथे आला आणि सुरतीच होऊन बसला. खुद्द मिरचीही अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि मिरीवरून नाव घेऊन आपल्या घरची झाली.

तथापि या दोन आगमनांत एक महत्त्वाचा भेद आहे. खावसा माणसांबरोबर आला. त्यावर चटणी किती घालावी, लिंबू किती पिळावे, हे खाणारा आपल्या ताटात ठरवितो. झटपट खाद्यगृहाच्या सँडविचमधील तिखटाचे माप मात्र आधीच ठरून येते. सर्व गावांसाठी एकच. त्यामुळे ते बहुतेकांना सोसेल इतपतच ठेवावे लागते. त्यात खात्री आहे, स्वच्छतेची शिस्त आहे. परंतु खाणाऱ्याच्या हाताला तेथे फारसा वाव नाही.

तेव्हा खरी परीक्षा सँडविच किती भाजते याची नाही. उद्या सुरतेतील मराठी मुलांनी तिखटाचे माप कंपनीच्या फलकावरून शिकावे, की आजीच्या पाट्या-वरवंट्यावरून, याची आहे. सँडविच खुशाल खावे. मात्र घरच्या मसाल्याचा डबाही भरलेला असावा.