आधी हिशेब, मग हक्क

स्वयंसेवी संस्था आणि कामगार संघटना यांचे आपल्याकडे सहसा जमत नाही. संघटनेला संस्था देणगीदारांच्या तालावर चालणारी वाटते. संस्थेला संघटना म्हणजे नुसते मोर्चे. फरक मुळातच आहे. नोंदलेली संघटना वर्गणीदार सभासदांची असते. संस्थेचा कारभार विश्वस्त पाहतात आणि कष्टकरी तिथे ‘लाभार्थी’ ठरतो. दोघे एकत्र आले तर काय घडते, याचे उत्तर मला पुण्याच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत सापडते.

पिंगळीत बसून पुण्याच्या कचऱ्याचा विचार कशाला? कारण १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या भूमिहीन दलित कुटुंबांतल्या अनेक बायका याच कामात शिरल्या.

सुरुवात झाली एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमातून. शिकवायला गेलेल्या कार्यकर्त्या बायकांबरोबर कचरा वेचू लागल्या. तेव्हा कळले की अक्षरांआधी घरातच वेगळा केलेला सुका माल हातात पडायला हवा. तो मिळू लागला, तोच एका ठेकेदाराची गाडी कचरा उचलायला आली. शिक्षणाने ही गाडी अडणार नव्हती. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कचरावेचकांची परिषद भरली आणि संघटना उभी राहिली. हमाल पंचायतीचा अनुभव पाठीशी होता.

पण इथे मालकच नव्हता. संप करायचा कुणाविरुद्ध? या पेचात अभ्यासकांची बाजू कामी आली. कचरा वेचल्याने महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, कारखान्यांना किती कच्चा माल मिळतो, याचा हिशेब मांडला गेला. भीक किंवा दया यांच्या जागी श्रमाची किंमत आली. महापालिकेने ओळखपत्रांना मान्यता दिली, पुढे आरोग्य विम्याचा हप्ता भरला. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी दारोदारी कचरा गोळा करण्याचा करार झाला.

करारामुळे प्रश्न मिटला नाही. मुदत संपत आली की ठेकेदारीची टांगती तलवार पुन्हा दिसते. म्हणूनच सहकारी संस्था काम चालवते, तरी संघटना वेगळी ठेवलेली आहे. सेवा देणाऱ्या हाताला भांडताना मर्यादा येतात.

आमच्याकडच्या ऊसतोड कामगारासमोरही मालक नसतो, मुकादम असतो. त्याच्यासाठी आरोग्य शिबिरे होतात, ती हवीतच. पण तोडलेल्या प्रत्येक टनामागे कारखान्याने त्याचे काय देणे लागते, हा हिशेब संस्थेने मांडावा आणि तो वसूल करायला वर्गणी भरणारी संघटना असावी. यातले एकच असले, तर निवेदन तरी उरते किंवा घोषणा तरी.