पेटंटची सनद आणि नेडचे कोळपे

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायात हुबेहूब कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दिसली आणि आपल्याकडे एकच गदारोळ उठला. तो उठायलाच हवा होता. ज्या चर्मकार बांधवांनी पिढ्यान्पिढ्या कातडे कमावून, वादी ओवून ही चप्पल घडविली त्यांचे नावही त्या शोमध्ये नव्हते. टीका झाल्यावर कंपनीने या चपलेची प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, तीही जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. ज्यांच्या नावावर नोंदणी आहे त्यांनी यावे, तुम्ही कोण, असा न्यायालयाचा सवाल होता. नोंदणी दोन महामंडळांच्या नावावर आहे. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने याच दोन महामंडळांशी करार केला.

या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. महामंडळाने खरोखरच मिलानमध्ये दाद मागायची ठरवली असती तर तिकडे अर्ज कोणी लिहिला असता?

कोल्हापुरीला २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन भारतापुरते आहे. पेटंट, ट्रेडमार्क, डिझाईन, मानांकन या सगळ्यांचा कायदा देशाच्या वेशीवर थांबतो. वेस ओलांडली की नव्याने नोंदणी, नवी फी आणि तिथला एजंट. हस्तकलेच्या वस्तूंना मानांकन देणारा युरोपियन युनियनचा कायदा तर १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला, म्हणजे शो झाला तेव्हा तो दरवाजा उघडलेलाच नव्हता. आता उघडला आहे. पण युरोपियन युनियनच्या ट्रेडमार्क कार्यालयात वकील नसलेल्या माणसाला व्यावसायिक प्रतिनिधी व्हायचे तर तो युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या एखाद्या देशाचा नागरिक असावा लागतो, अशी सर्वसाधारण अट आहे. कोल्हापूरचा मुलगा कितीही शिकला तरी त्या यादीत बसणे अवघड.

अमेरिकेचे तसे नाही. तिथे वेगळी गंमत आहे, आणि आपली पुष्कळ मुले तिकडे जातात म्हणून ती समजून घेतली पाहिजे.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो एका फोनमुळे. आमच्या परिचयातील एक तरुण, आजोबा मुंबईत गिरणी कामगार. त्या काळी अस्पृश्य कामगाराला गिरणीच्या विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि त्याची थुंकी इतरांना चालत नसे. बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीर सभांतून मांडला होता, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवेल. त्या आजोबांचा हा नातू टेक्स्टाईल इंजिनिअर झाला, कर्ज काढून अमेरिकेत एम.एस. केले आणि एका पेटंट फर्ममध्ये टेक्निकल स्पेशालिस्ट म्हणून लागला. फोनवर म्हणाला, "काका, इथे वकील न होताही पेटंटचा परवाना मिळतो. मी परीक्षेला बसू का?" काकाला त्यातले काय कळणार! पण काकाने वाचायला घेतले.

पेटंट एजंट नेमके करतो काय? शोध लावणारा माणूस येतो, यंत्र दाखवतो, टेबलावर कागद पसरून बोलत राहतो. एजंट त्यातून अर्ज लिहितो. अर्जाचा प्राण म्हणजे शेवटी येणारे क्रमांकित दावे, क्लेम. शोधाची मालकी कुठून कुठपर्यंत, ते या दाव्यांच्या शब्दांवर ठरते. जमिनीच्या सातबाऱ्यावर चतुःसीमा असते ना, तसे. एक शब्द जास्त पडला तर शेजारी बांध कोरतो, एक कमी पडला तर हे सगळे जुनेच आहे म्हणून परीक्षक अर्ज परत पाठवतो. मग उत्तर, दुरुस्ती, पुन्हा उत्तर, असे दोन-तीन वर्षे सहज चालते. कोर्टात उभे राहण्याचा अधिकार एजंटला नाही. ट्रेडमार्कचे कामही अमेरिकेत वकिलांकडेच. (कॅनडात मात्र ट्रेडमार्क एजंट हा वेगळा परवाना आहे. २०२१ पासून तिथे दोन्ही प्रकारच्या एजंटांसाठी स्वतंत्र कॉलेज, म्हणजे नियामक संस्था आहे आणि परवान्याआधी २४ महिने हाताखाली काम करावे लागते.) पण पेटंटचा अर्ज लिहिणे आणि तो पेटंट कार्यालयापुढे लढविणे, यात अमेरिकन एजंट वकिलाच्या बरोबरीचा आहे.

हे सुखासुखी मिळालेले नाही. फ्लोरिडा राज्यात अलेक्झांडर स्पेरी नावाचे एजंट होते. कायद्याची पदवी नाही, पण पेटंट कार्यालयाकडे रीतसर नोंदणी होती. फ्लोरिडाच्या वकील संघटनेने त्यांच्यावर दावा लावला. हा माणूस सनद नसताना वकिली करतो, याला थांबवा. राज्याच्या न्यायालयाने संघटनेचे ऐकले. १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल फिरविला. पेटंटचा कायदा केंद्राचा, नोंदणी केंद्राची, त्यामुळे राज्याच्या वकील संघटनेला त्यात अडथळा आणता येणार नाही. एका व्यवसायाची मक्तेदारी अशी मोडली. आपल्याकडेही पेटंट एजंट व्हायला कायद्याची पदवी लागत नाही, विज्ञान किंवा अभियांत्रिकीची लागते, हे किती पालकांना ठाऊक आहे?

पण अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचा सगळाच इतिहास असा उजळ नाही.

१८५७ ची गोष्ट. मिसिसिपी राज्यात ऑस्कर स्टुअर्ट नावाचा मळेवाला होता. त्याच्याकडे नेड नावाचा गुलाम लोहार. नेडने कापसाच्या ओळीतून चालवायचे दुहेरी कोळपे तयार केले. मालकाने पेटंट मागितले, स्वतःच्या नावावर. गुलाम माझा, त्याच्या हाताची मेहनत माझी, मग त्याच्या डोक्यातले पीकही माझेच, असा त्याचा सरळ हिशेब. पेटंट कार्यालय अडले. अर्जासोबत शपथ लागे की अर्जदार स्वतः शोधक आहे आणि तो अमुक देशाचा नागरिक आहे. मालक शोधक नव्हता. नेड शोधक होता, पण त्याच वर्षी ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते की काळा माणूस नागरिक असूच शकत नाही. १८५८ मध्ये अॅटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक यांनी मत दिले की गुलामाच्या शोधाला पेटंट मिळू शकत नाही. ना त्याला, ना त्याच्या मालकाला.

जणू शोध लागलाच नाही! कोळपे शेतात चालत होते, मालक ते विकायच्या मागे होता, फक्त कागदावर ते कोणाच्याच डोक्यातून आलेले नव्हते. पुढे १८६१ साली गुलामगिरीवादी दक्षिणी राज्ये फुटून निघाली तेव्हा त्यांनी आपल्या पेटंट कायद्यात गुलामाच्या शोधाचे पेटंट मालकाला घेता येईल अशी सोय करून ठेवली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केली, ते या लोकांविरुद्ध लढलेले लोक होते.

स्वतंत्र काळ्या माणसाला मात्र पेटंट मिळे. न्यूयॉर्कच्या थॉमस जेनिंग्ज या शिंप्याला कपडे कोरडे धुण्याच्या पद्धतीसाठी १८२१ सालीच मिळाले होते. पण पेटंटच्या कागदावर वर्ण लिहीत नाहीत, त्यामुळे किती काळ्या लोकांनी काय शोधले याची नोंदच नव्हती. ती केली हेन्री बेकर यांनी. हे स्वतः काळे, नौदल अकादमीत छळ सोसून बाहेर पडलेले आणि पुढे पेटंट कार्यालयात साहाय्यक परीक्षक झालेले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी देशभरातल्या पेटंट वकिलांना, एजंटांना पत्रे गेली की तुमच्याकडे काळा शोधक कधी आला होता का? काहींनी नावे कळविली. काहींनी टिंगल करीत लिहिले की असा माणूस आम्ही पाहिलाच नाही. बेकर यांनी तरी शेकडो नावे जमविली. त्या प्रदर्शनातील काळ्या अमेरिकनांचे दालन उभारणाऱ्यांत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस होते, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले तेच. म्हणजे शोधकाचे नाव जगापुढे येणे किंवा न येणे हे त्या टेबलापलीकडे बसलेल्या एजंटाच्या हातात होते. टेबलापलीकडे कोण बसतो, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा.

आता परीक्षेकडे. शंभर प्रश्न, सगळे पर्यायी. वेळ सहा तास, तीन-तीन तासांचे दोन भाग. शंभरातले दहा प्रश्न नुसते चाचणीचे, ते गुणात धरत नाहीत आणि कोणते ते सांगतही नाहीत. उरलेल्या नव्वदांत ७० टक्के, म्हणजे ६३ बरोबर हवेत. पेटंट कार्यालयाची कार्यपद्धती सांगणारे हजारो पानांचे मॅन्युअल परीक्षेत संगणकावर उघडे असते. पुस्तक समोर असूनही पुष्कळ नापास होतात, कारण कुठे शोधायचे ते माहीत नसेल तर पुस्तक असून नसल्यासारखे. अर्ज आणि परीक्षेची फी काही शे डॉलर. खासगी शिकवण्या त्याच्या कैक पट. पण जुने प्रश्न आणि मॅन्युअल फुकट उपलब्ध आहे आणि शिकवणीशिवाय पास झालेले लोक आहेत, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

परीक्षेआधीची चाळणी पदवीची. कार्यालयाने विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदव्यांची एक यादी केली आहे. यादीत नाव असेल तर सरळ प्रवेश, नसेल तर किती तास कोणता विषय शिकला याचे पुरावे गोळा करीत बसा. या यादीने कोणाला बाहेर ठेवले? २०२० साली तिथल्या एका अभ्यासात दिसले की नोंदणीकृत वकील-एजंटांत स्त्रिया सुमारे २२ टक्केच आहेत. सिनेटर्सनी कार्यालयाला जाब विचारला. त्यानंतर २०२१ मध्ये यादीत नव्या पदव्या आल्या, त्यात टेक्स्टाईल इंजिनिअरिंगही होते. म्हणजे आमचा तरुण काही वर्षे आधी गेला असता तर त्याला पुराव्यांची ती पायपीट करावी लागली असती. २०२३ मध्ये संगणकशास्त्राच्या पदवीवरची विशिष्ट मान्यतेची अट काढली, ही भारतीय मुलांसाठी मोठी गोष्ट. जानेवारी २०२४ पासून तर डिझाईन पेटंटसाठी निराळी नोंदणी सुरू झाली आणि त्यात वास्तुशास्त्र, ग्राफिक डिझाईन, ललितकला शिकलेलेही बसू शकतात. पदवी परदेशी असेल तर ती अमेरिकन पदवीच्या तोडीची आहे हे दाखवावे लागते. आपल्याकडची तीन वर्षांची बी.एस्सी. तिथे अडू शकते, हे लक्षात ठेवावे.

वर्षानुवर्षे "गुणवत्ता" म्हणून मिरवलेली यादी जाब विचारताच दोन-तीन वर्षांत बदलते. गुणवत्तेच्या नावाने गळे काढणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.

खरी मेख आहे व्हिसाची. परीक्षा पास झाली म्हणजे नोंदणी झाली असे नाही. अमेरिकन नागरिकाला आणि ग्रीनकार्डवाल्याला पूर्ण नोंदणी मिळते. विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्याला मिळते ती 'मर्यादित मान्यता'. त्यासाठी नुसता नोकरीचा परवाना पुरत नाही. अर्जदारांच्या वतीने पेटंटचे अर्ज तयार करणे व चालविणे हेच काम करण्याची परवानगी आहे, असे कागदोपत्री दिसावे लागते. मान्यतेची मुदत व्हिसाच्या कामाच्या मुदतीइतकीच. मालक बदलला की पुन्हा अर्ज. देश सोडला की मान्यता संपली. भारतात राहून अमेरिकेचा परवाना मिळत नाहीच. परदेशी नागरिकांपैकी अमेरिकेबाहेर राहून नोंदणी ठेवण्याची सोय फक्त कॅनडाच्या एजंटांना आहे, दोन्ही देशांच्या परस्पर सवलतीमुळे. भारतात बसून अमेरिकन अर्जांचे मसुदे लिहिणारी हजारो हुशार मुले आहेत. मसुदा त्यांचा, सही दुसऱ्याची, दरही दुसऱ्याचा.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकन राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर केला. कोणती फर्म नवशिक्या एजंटासाठी एवढी रक्कम मोजेल? तिकडेच शिकून तिकडेच नोकरीला लागलेल्यांची स्थिती त्यातल्या त्यात बरी. विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर एक वर्ष आणि वाढीव दोन वर्षे असा कामाचा काळ मिळत आला आहे, त्या अवधीत मर्यादित मान्यता घेता येते. म्हणून मी त्या तरुणाला एवढेच सांगितले की परीक्षा पुढे ढकलू नकोस, पास होऊन ठेव, आणि फर्मकडून जे पत्र घेशील त्यात 'तांत्रिक साहाय्य' असे मोघम लिहून घेऊ नकोस. पेटंट अर्ज तयार करणे आणि चालविणे हे शब्द त्यात आहेत का, ते सहीपूर्वी वाच. शब्दांचा व्यवसाय शिकतोस, तर पहिला दावा स्वतःचा नीट लिही.

त्याने पत्राचा मसुदा पाठवला. त्यात 'तांत्रिक साहाय्य'च लिहिले होते. तो बदलून घ्यायला त्याला तीन आठवडे लागले. आता मॅन्युअलचे २१०० क्रमांकाचे प्रकरण वाचतो आहे, शोध नवा कशाला म्हणायचे ते सांगणारे. सर्वात लांबलचक तेच आहे म्हणतो.