वर्गातील मत्स्यपात्र : आधी वनस्पती, मग मासे

मुंबईस शैक्षणिक सहल नेणाऱ्या शाळांच्या कार्यक्रमात गिरगाव चौपाटीजवळील तारापोरवाला मत्स्यालयाला दीर्घकाळ मानाचे स्थान होते. १९५१ साली उघडलेल्या या मत्स्यालयात खाऱ्या व गोड्या पाण्यातील मासे काचेआड जवळून पाहावयास मिळत. असे मासे पाहून आल्यावर ते आपल्याही वर्गात असावेत, ही मुलांची इच्छा स्वाभाविक होय. परंतु ती पुरविण्याच्या घाईत पात्रात पाणी भरून त्याच दिवशी मासे सोडले, तर ते थोड्याच दिवसांत मरण्याचा संभव असतो. मुले हिरमुसतात आणि मृत्यूचे कारण अज्ञातच राहते.

ते कारण असे. माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही तो तयार होतो. अमोनिया माशांस विषारी आहे. वाळूवर वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य असून वनस्पतींचे ते खाद्य आहे. हे जंतू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नव्या, नितळ पाण्यात ते नसतात. म्हणजे पाणी स्वच्छ दिसणे निराळे आणि माशांस मानवणे निराळे.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास काचपात्रात दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पात्राचा मेळ बसला. फितीसारख्या लांब पानांची हीच वनस्पती आपल्याकडील तळ्यांतही वाढते.

वर्गासाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच पात्र पुरे. त्यात काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. त्या पाण्याचेच वजन ५४ किलो होते, म्हणून मेज भक्कम असावे. पात्र खिडकीजवळ, परंतु थेट ऊन लागणार नाही असे ठेवावे. उन्हाने शेवाळ माजते. जाडसर वाळू नितळ पाणी निघेपर्यंत धुऊन पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. त्यात व्हॅलिस्नेरिया किंवा हायड्रिला रोवावी. व्हॅलिस्नेरियाचा कोंब वाळूखाली गाडू नये. नळाच्या पाण्यात किंवा औषध टाकलेल्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मगच घालावे. वनस्पतींस नवी पाने फुटल्यावर, साधारण महिन्याने, प्रथम तीन-चार गप्पी मासे सोडावेत.

दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एकदा घालावे. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. शनिवारच्या सफाईत उत्साहाने पात्र रिकामे करून वाळू घासून धुणे, ही सर्वांत घातक चूक होय. त्या धुण्यात उपयुक्त जंतूच नष्ट होतात. अंधारात वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. शाळा उघडताच मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडताना दिसल्यास त्यांची संख्या कमी करावी.

संख्या कमी करावयाची म्हणून मासे ओढ्यात मात्र सोडू नयेत. डासांच्या अळ्या खाणारा म्हणून गप्पी आरोग्य खात्यास उपयोगी असला, तरी तो मूळचा दक्षिण अमेरिकेकडील आहे. वाहत्या पाण्यात पसरल्यास तो स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी होतो. जादा मासे आरोग्य सेवकाच्या सल्ल्याने द्यावेत.

पात्राशेजारी एक नोंदवही ठेवावी. नवे पान, नवे पिल्लू आणि मेलेला मासाही तारखेनिशी मुलांनीच तीत लिहावा. मासा का मेला, हे मागील पाने चाळून मुले स्वतः सांगू लागली, म्हणजे पात्राचा हेतू सफल झाला असे समजावे.