फायबरच्या होडीवरील पिवळेपणा व डाग

कोकणच्या किनाऱ्यावर व खाड्यांतून लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आता सर्वत्र दिसतात. त्यांना लाकडाप्रमाणे तेल पाजावे लागत नाही व त्या कुजतही नाहीत. परंतु काही वर्षांतच त्यांचा पांढरा रंग पिवळट पडतो, पाण्याच्या रेषेवर तपकिरी पट्टा उमटतो आणि बोल्टांखाली तांबूस ओघळ दिसू लागतात. अशा वेळी हाती येईल तो खरखरीत कागद घेऊन सारी होडी घासून काढण्यात येते. त्यायोगे होडी पांढरी होते खरी, परंतु तिचे आयुष्य घटते.

याचे कारण असे की, फायबरच्या होडीचा बाहेरील रंग हा वरून दिलेला साधा रंग नसून राळेचा एक थर असतो. त्यास जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारणतः अर्धा मिलिमीटर एवढीच असते, आणि आतील काचतंतूंचे पाण्यापासून रक्षण तोच करतो. प्रत्येक घासणीत या थराचा काही अंश खर्ची पडतो. थर विरला की पाणी आत झिरपते व दुरुस्तीचा खर्च वाढतो. म्हणून घासण्यापूर्वी पिवळेपणा थराच्या वर बसला आहे की थरातच आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

पाण्याच्या रेषेवरील तपकिरी पट्टा बहुधा वर बसलेला असतो. कांदळवनातील पाने व साली कुजून त्यांतील टॅनिन खाडीच्या पाण्यात उतरते. सुती जाळी टिकावी म्हणून पूर्वी ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत, तो गुण याच टॅनिनचा. त्यास लोहाचा अंश मिळाला की डाग काळपट होतो. हिरडा व हिराकस यांपासून काळा रंग होतो, तोच हा प्रकार. असे डाग घासून नव्हे, तर आम्लाने काढावेत. चिंचेने तांब्याचे भांडे उजळते, तसेच हे आहे. फिक्या डागास लिंबाचा रसही पुरतो.

उधाणाच्या भरतीस होडी वर घ्यावी व प्रथम साबणाच्या पाण्याने तेल व डिझेलची काजळी धुऊन काढावी, कारण तेलकट थराखाली आम्ल पोचत नाही. नंतर प्लॅस्टिकच्या बादलीत १ लिटर कोमट पाणी घेऊन त्यात सुमारे ५० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल विरघळवावे. आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून पाहावे. ५ ते १० मिनिटे ओले ठेवून, वाळू न देता, भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. सकाळी किंवा सावलीत काम केल्यास द्रावण लवकर वाळत नाही.

हे आम्ल विषारी आहे. ते दिसावयास मीठ-साखरेसारखे असते; घरात उघडे किंवा खाण्याच्या डब्यात ठेवल्यास अनर्थ ओढवेल. काम करताना रबरी हातमोजे व डोळ्यांस चष्मा असावा, आणि त्याची भुकटी श्वासावाटे जाऊ देऊ नये. त्यात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये; त्यातून क्लोरीनचा घातक वायू निघतो. गंजाच्या डागावर ब्लीचिंग पावडर एरवीही निरुपयोगीच.

आम्लानेही पिवळेपणा हटला नाही, आणि काळ्या फडक्याने पुसता पांढरी भुकटी लागली, तर उन्हाने थराचा पृष्ठभाग जीर्ण झाला आहे असे समजावे. यास मोटारींना पॉलिश करणारे वापरतात ते रबिंग कंपाउंड पुरेसे असते. फारच खडबडीत झाल्यास ८०० क्रमांकाचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवावा, नंतर १००० क्रमांकाचा व शेवटी कंपाउंड. काठ व कोपऱ्यांवर थर आधीच पातळ असतो. तेथे हात आखडता घ्यावा. काचतंतू दिसू लागल्यास घासणे तत्काळ थांबवून ती जागा कारागिराकडून भरून घ्यावी.

एवढे करूनही रंग पिवळट राहिला, तर तो राळेतच मुरलेला आहे. असा पिवळेपणा होडीस बाधक नसतो. केवळ शोभेसाठी उरलेला थर खरवडण्यापेक्षा होडी तशीच वापरावी. हौसच असेल तर प्रायमर देऊन दोन भाग मिसळून लावावयाचा पॉलियुरेथेन रंग द्यावा. रंग द्यावयाचा असल्यास मेण मात्र लावू नये, रंग धरत नाही. एरवी साफ केलेल्या भागावर, पाण्याच्या रेषेच्या वर, मेणाचा हात देऊन मऊ फडक्याने चोळावे. ऊन व डाग यांपासून काही महिने बचाव होतो.

तांबूस ओघळ मात्र बोल्ट बदलल्याखेरीज थांबणार नाहीत. गंजलेला लोखंडी बोल्ट काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलचा बसवावा आणि भोक सीलंटने नीट बंद करावे. पुष्कळदा पाणी आत शिरते ते याच भोकातून.