श्वासनलिका सैल करणारी औषधे व त्यांचे कार्य

परभणी जिल्ह्यात आश्विन महिन्यात सोयाबीनची मळणी सुरू होते. पुढे कापसाची वेचणी, तुरीची मळणी व कडब्याची कुट्टी ही कामे ओळीने येतात. या कामांत भूस व धूळ उडते, आणि बांधावरील गाजरगवताचे परागकणही हवेत मिसळतात. दम्याची प्रवृत्ती असलेल्या शेतकरी बंधुभगिनींना याच सुमारास धाप लागते. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या औषधांचे कार्य ग्राम-कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

श्वास का कोंडतो?

छातीत शिरल्यावर श्वासनलिकेला झाडाप्रमाणे फांद्या फुटत जातात. या नलिकांभोवती स्नायूंचे वेढे असतात. दम्यात हे स्नायू आवळले जातात, आतील अस्तर सुजते व चिकट कफ साचतो. नळीची रुंदी निम्मी झाली, तर तितकीच हवा नेण्यास सुमारे सोळापट जोर लागतो. क्षार साचलेल्या ठिबकच्या नळीतून पाणी का येत नाही, हे जाणणाऱ्यास ही गोष्ट सहज पटेल.

औषधांचे प्रकार

पहिला प्रकार सल्ब्युटामॉलचा. हे औषध १९६९ साली प्रचारात आले. स्नायूंच्या पेशींवरील ठराविक ठिकाणी ते चिकटते; त्यामुळे पेशीतील कॅल्शियम घटते व स्नायू सैल पडतो. सुमारे ५ मिनिटांत आराम वाटू लागतो व तो ४ ते ६ तास टिकतो.

दुसरा प्रकार इप्राट्रोपियम व टायोट्रोपियम यांचा. स्नायूंनी आवळावे असा निरोप मज्जातंतू अॅसिटिलकोलीन या द्रव्यामार्फत पाठवितात; ही औषधे तो निरोप अडवितात. धोत्र्याच्या पानांचा धूर ओढण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली होती. परंतु धोत्र्यातील विषाचे प्रमाण अनिश्चित असल्याने तो प्रयोग कोणीही करू नये.

तिसरे औषध थिओफिलीन. त्याची गुणकारी व अपायकारक मात्रा यांत अंतर थोडे असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

‘पंपा’विषयी गैरसमज

इन्हेलर, म्हणजे आपण ज्यास ‘पंप’ म्हणतो तो, फार कडक असतो असा समज आढळतो. वस्तुतः सल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या ४० पट. फवारा थेट नलिकांत पोहोचतो, म्हणून थोडे औषध पुरते आणि हात कापणे, छाती धडधडणे हे त्रासही कमी होतात. पंप हलवून घ्यावा, श्वास पूर्ण सोडावा, सावकाश श्वास घेतानाच कळ दाबावी व सुमारे १० सेकंद श्वास रोखावा.

मात्र सल्ब्युटामॉल स्नायू सैल करते. अस्तराची सूज ते घालवीत नाही. सूज कमी करणारे स्टेरॉइडयुक्त इन्हेलर निराळे असते व ते डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे लागते. दमेकऱ्याने केवळ सल्ब्युटामॉलवर विसंबू नये, असा जागतिक तज्ज्ञांचा २०१९ पासूनचा सल्ला आहे. फवारा वारंवार लागू लागला, तर आजार बळावत आहे असे समजावे. रुग्णास एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

फवारणीनंतरची धाप

कीटकनाशक फवारल्यावर धाप लागून लाळ, अश्रू व घाम सुटला आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर तो दमा नव्हे, विषबाधा होय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गेनोफॉस्फेट विषांमुळे शरीरात अॅसिटिलकोलीन साचते. तेथे पंप पुरेसा पडत नाही. रुग्णालयात अॅट्रोपीनची इंजेक्शने द्यावी लागतात. रुग्णाचे कपडे काढून अंग साबणपाण्याने धुवावे, आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी सोबत घेऊन त्यास विनाविलंब शासकीय रुग्णालयात न्यावे.