विळ्यावर चढलेलं तांबं

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदारांचा अर्धा जीव आभाळात असतो. परतीचा पाऊस रेंगाळला, पहाटे दव पडलं, की डाऊनी, म्हणजे केवडा, आलाच म्हणून समजा. त्यावर आता दुकानात ढीगभर औषधं मिळतात. तरी छाटलेल्या उघड्या काड्यांवर आणि पावसाळ्यातल्या जुन्या पानांवर बोर्डो मिश्रण अजून मारलं जातंच. कोवळ्या फुटीवर मात्र जपून.

शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद, एक किलो चुना: हे झालं एक टक्क्याचं बोर्डो. मोरचूद कापडात बांधून पिंपाच्या तोंडाशी टांगतात. विरघळलेलं पाणी जड असतं, ते आपोआप तळाला जातं आणि वर कोरं पाणी येतं, त्यामुळे ढवळत बसावं लागत नाही. पिंप मात्र प्लास्टिकचंच हवं. लोखंडी पिंपात काय होतं, ते दहावीच्या विज्ञानात 'विस्थापन अभिक्रिया' या नावाखाली आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या एका किलोत तांबं साधारण 255 ग्रॅम आणि स्फटिकात अडकलेलं पाणी तब्बल 360 ग्रॅम. निळा रंग या पाण्याच्या जोरावर. खडा परीक्षानळीत तापवला की पाणी उडून पांढरी भुकटी उरते. गार झाल्यावर तिच्यावर थेंबभर पाणी टाका, पुन्हा निळी.

लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते द्रावणात गेलं की त्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. तेच इलेक्ट्रॉन घेऊन तांब्याचे आयन धातू बनतात आणि लोखंडाला चिकटतात. निळा रंग फिका पडत हिरवट होतो, कारण आता पाण्यात फेरस सल्फेट, आपलं हिराकस, तयार झालेलं असतं. जस्त लोखंडाहूनही चपळ. चांदीची अंगठी टाकली तर काहीच होणार नाही, कारण चांदी तांब्याहून कमी क्रियाशील. हिशेब केला तर एक किलो मोरचूद सुमारे 224 ग्रॅम लोखंड खाऊ शकतं. म्हणजे पिंप झिजलं आणि औषधातलं तांबंही तळाच्या गाळात गेलं, असा दुहेरी तोटा.

गंमत अशी की पिंपाच्या मुळावर येणारी हीच अभिक्रिया बागेत परीक्षा म्हणून वापरतात. नुसत्या मोरचुदाचं पाणी आम्लधर्मी असतं, ते पानं करपवतं. चुन्यामुळे आम्ल मारलं जातं आणि तांबं हायड्रॉक्साइडसारख्या न विरघळणाऱ्या संयुगांच्या रूपात साक्यासारखं खाली बसतं. ही दुहेरी विस्थापन अभिक्रिया. ती पुरी झाली का, हे बघायला घासून लख्ख केलेला विळा मिश्रणात मिनिटभर धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना कमी पडलाय. पातं जसंच्या तसं निघालं की फवारायला हरकत नाही. उघड्या पोत्यातला जुना चुना इथे हमखास दगा देतो: हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा खडू झालेला असतो. विळ्याची एक मर्यादाही आहे. चुना जास्त झाला तर विळा गप्प राहतो, म्हणून सोबत लिटमस कागद ठेवलेला बरा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. शिळ्या साक्याचे कण जाड होतात आणि पानाला धरत नाहीत.

ही कृती फ्रान्सची. 1882 साली बोर्डो भागात प्राध्यापक मिलार्दे यांना रस्त्याकडेच्या वेली हिरव्या दिसल्या, बाकीच्यांची पानं गळालेली. चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून मालकांनी त्या कडेच्या वेलींवर तांब्याचे क्षार फासले होते. मिलार्दे यांनी 1885 मध्ये मिश्रण प्रसिद्ध केलं. पानं गाळणारा हा केवडा रोग अमेरिकेतून आलेला. आपल्याकडच्या वेली ज्या डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत, तोही मूळचा तिकडचाच, हा योगायोग नोंदवण्यासारखा.

साताऱ्यात माण-खटावकडे डाळिंबावरच्या तेलकट डागासाठीही बोर्डो मारतात. मेंढ्यांची खुरं कुजली तर मोरचुदाच्या पाण्यातून कळप चालवण्याची पद्धत आहे, पण त्या पाण्याला मेंढरानं तोंड लावता कामा नये. तांबं पचवण्यात मेंढी फार कच्ची.

जमिनीचं काय, हे कमीच विचारलं जातं. तांबं कुजत नाही, मातीच्या वरच्या थरात साचत राहतं. युरोपीय संघानं 2019 पासून हेक्टरी सात वर्षांत 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो. हेक्टरी हजार लिटर पाण्याने एक टक्क्याची एकच फवारणी घेतली, तरी त्यातले अडीच किलो संपतात.