संगणकाचे थर आणि तळाच्या थराची निगा

आपल्या ट्रस्टच्या अभ्यासिकेत संगणक आल्यापासून कित्येक पालक आम्हांस एकच प्रश्न विचारीत असतात. यंत्र धडधाकट आहे, पडदा स्वच्छ आहे; मग ते महिन्या-महिन्याला 'अपडेट' कशाला मागते, आणि न दिल्यास बिघडते काय? प्रश्न रास्त आहे. त्यातच विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा जुनी यंत्रे बदलावीत, की एकाच मोठ्या यंत्रातून सर्वांचे काम चालवावे, हा विचारही विश्वस्तांपुढे आहे. या दुसऱ्या पद्धतीची, म्हणजे थरांनी रचलेल्या आभासी संगणकांची, माहिती वाचकांस असावी म्हणून हा लेख.

आधी अपडेटविषयी. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामधला कारभारी. त्याच्या प्रचंड दप्तरात चुका राहतातच, आणि त्यांतल्या काही चुका म्हणजे चोरासाठी उघडी राहिलेली खिडकी. अशाच एका खिडकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही, अशांच्या यंत्रांत त्याच वर्षी १२ मेपासून 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी कार्यक्रम शिरला. त्याने कागदपत्रे कुलूपबंद केली आणि खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. औषध दोन महिने आधी घरात आले होते; ते घेतले गेले नव्हते.

आता आभासी संगणक. एका समर्थ सर्व्हरवर 'हायपरव्हायजर' नावाचा कार्यक्रम बसवितात. तो त्या एका यंत्राची वाटणी अशी करतो की, प्रत्येक वाट्याला आपण स्वतंत्र संगणकच आहोत असे भासावे. विद्यार्थ्यासमोर केवळ पडदा, कळफलक व एक लहानशी पेटी. खरे काम सर्व्हरवर. ही हिकमत नवी नव्हे. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६०च्या दशकातच तिचा पाया घातला गेला आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ती ग्राहकांपर्यंत पोचली.

पण चाळीस आभासी संगणक म्हणजे चाळीस प्रती, आणि दर महिन्याला चाळीस वेळा अपडेट! येथे थरांची युक्ती कामी येते. भूगोलाच्या तासाला आम्ही तळाशी प्राकृतिक नकाशा ठेवतो, त्यावर नद्यांचा पारदर्शक कागद, त्यावर लोहमार्गांचा, आणि सर्वांत वर विद्यार्थ्याने पेन्सिलीने खुणा केलेला. वरून पाहणाऱ्यास एकच नकाशा दिसतो. सिट्रिक्सच्या 'अ‍ॅप लेअरिंग'मध्ये (ही मूळची युनिडेस्क या कंपनीची रचना, सिट्रिक्सने ती कंपनी २०१७ मध्ये घेतली) हाच प्रकार आहे. तळाशी ऑपरेटिंग सिस्टिमचा थर. त्यावर एकेका कार्यक्रमाचे थर. मग यंत्राची त्या-त्या जाळ्याशी सांगड घालणारा थर. आणि हवा असल्यास सर्वांत वर प्रत्येकाचा खासगी थर. तळाचा थर सर्वांना एकच. तो एकदा सुधारला की चाळीसही सुधारले.

सुधारावयाचा कसा? जुन्या थराला हात लावावयाचा नाही. त्याची नवी आवृत्ती काढावयाची. त्यासाठी एक तात्पुरते यंत्र उभे राहते. त्यावर अपडेट बसवावे, यंत्र पुन्हा सुरू करावे, आणखी काही मागते का पाहावे, मागत असेल तर पुन्हा तेच. सारी शिल्लक कामे संपली की ते रीतसर बंद करून आवृत्तीवर शिक्कामोर्तब करावे. घाईने अर्धवट बंद केले तर ते अर्धवटपण पुढे प्रत्येकाच्या वाट्याला जाते. मग नव्या आवृत्तीवरून नवी प्रतिमा तयार करून प्रथम दोन-तीन यंत्रांना द्यावी. मराठी टंकलेखन चालते का, छपाई होते का, शिष्यवृत्तीचा अर्ज उघडतो का, हे पाहिल्यावरच सर्वांना द्यावी. काही बिनसले तर जुनी आवृत्ती शाबूत असतेच. तिच्यावर परत यावे.

ही चाचणी चैनीची वस्तू नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संरक्षण-कार्यक्रमाची एक सदोष फाइल जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. अपडेट न घेण्यात धोका आहे, तसा न तपासता सर्वांना एकदम देण्यातही आहे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पुढील गोष्टीत. तळाच्या थरातील आपोआप अपडेट बंद ठेवावे लागते. वाचक म्हणतील, हे तर उलटेच सांगता! पण नकाशा आठवा. यंत्राने स्वतःच अपडेट घेतले तर ते तळाच्या थरात जात नाही. वरच्या खासगी कागदावर उमटते. खासगी थर नसेल तर यंत्र पुन्हा सुरू होताच ते पुसले जाते, आणि घेतलेले श्रम वाया जातात. खासगी थर असेल तर प्रकरण अधिक बिकट. पुढच्या महिन्यात तळाशी नवी फाइल येते, पण वरच्या कागदावरची जुनी तिला झाकून टाकते. देखरेख करणारा निश्चिंत असतो, आणि ती खिडकी उघडीच राहते.

कोणती वस्तू कोठे ठेवावी यालाही शिस्त आहे. ऑफिससारखे कार्यक्रम तळात घालू नयेत. त्यांना वेगळा थर द्यावा. विंडोजच्या स्टोअरमधील कार्यक्रम मात्र तळातच ठेवावे लागतात. कार्यक्रमांचे थर ज्या तळावर रचले त्याच्याशीच बांधलेले असतात. मासिक दुरुस्त्यांनी सहसा त्यांना धक्का लागत नाही; पण तळ म्हणून निराळीच प्रणाली घेतली, तर ते थर नव्याने रचण्याची तयारी हवी.

आमच्या मते, दहा-बारा यंत्रांच्या अभ्यासिकेस हा सारा डोलारा परवडणारा नाही. सर्व्हर, परवाने आणि जाणकार माणूस यांचा खर्च आहेच. शिवाय एक सर्व्हर बंद पडला तर सारी अभ्यासिका बंद. शंभर जागांच्या महाविद्यालयाचा हिशेब निराळा. आपण तूर्त साधी यंत्रे घ्यावीत, पण चाचणीची शिस्त मात्र उचलावी. मायक्रोसॉफ्टची मासिक दुरुस्ती दुसऱ्या मंगळवारी निघते, ती आपल्याकडे रात्री उशिरा पोचते. बुधवारी एका यंत्रावर ती बसवावी, शनिवारपर्यंत ते नीट चालले तर रविवारी उरलेल्यांवर. त्या एका यंत्रावर चिठ्ठी लावून ठेवावी, म्हणजे अर्जाची शेवटची तारीख असलेले मूल नेमके तेथेच बसावयाचे नाही.